उंची मागीलप्रमाणे

४ फेब्रुवारी

भाऊजी,

फोनवर तुम्ही नुसतं "हं" म्हणता. परवा मी मोजलं. अकरा मिनिटांत चौदा वेळा "हं" आणि एकदा "बरं". त्यातही "बरं" फोन ठेवताना. म्हणून आता पत्र. पत्रात "हं" लिहून भागत नाही, निदान एक ओळ तरी लिहावी लागते.

मला वेळच वेळ आहे. आठवड्यातले तीन दिवस चार-चार तास डायलिसिसच्या खुर्चीत. डावा हात मशीनचा, उजवा माझा. बाबांनी आम्हा दोघी बहिणींना दागिने दिले नाहीत, मूत्रपिंडातल्या गाठी तेवढ्या सारख्या वाटून दिल्या. ताईला नऊ वर्षं पुरल्या. माझं आत्ता सहावं चालू आहे.

ताईला जाऊन तीन महिने झाले. तुम्ही जेवता का, हे विचारत नाही. विचारलं तर "हं" म्हणाल.

इकडचं सांगते. ड्रायव्हिंग स्कूलची नोकरी चालू आहे. सध्या एक सुतारकाका शिकायला येतात, वय बासष्ट. लाकडावर डोळे मिटून सरळ रेघ मारतील, पण गाडी मागे घ्यायला सांगितली की आधी देवाचं नाव घेतात, मग माझं. गाडीची माझ्या बाजूची सीट बसलीय. समोरचं नीट दिसेना म्हणून खाली उशी घातली, या महिन्यात दुसरी घातली. मालकांना म्हटलं, सीट बदला. म्हणाले, "सीट नवी आहे, तूच जुनी झालीस." माझ्या बाजूचा ब्रेक दाबताना पाठीत कळ येते. पण गेल्या वर्षीच हाडांची घनता तपासली होती, रिपोर्ट नॉर्मल. तेव्हा काळजी नको. ताईसारखी बाथरूममध्ये घसरून पडणाऱ्यांतली मी नाही. मी आधी खाली बघते.

उत्तर लिहा. एका पानापेक्षा कमी चालणार नाही.

धाकटी


११ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मला लिहिण्याची सवय नाही. एकतीस वर्षं वजनमाप खात्यात तपासणीचे अहवाल लिहिले, त्यात आपलं असं काही लिहायचं नसतं.

मी जेवतो.

एक विचारतो. तुझी उंची शेवटची कधी मोजली? फाईलमध्ये काय लिहिलंय ते नको. भिंतीला टाचा लावून कोणी मोजली, असं कधी झालं?

का विचारतो ते सांगतो. तुझ्या ताईचे कागद आणायला मी तिच्या डायलिसिस सेंटरवर गेलो होतो. नऊ वर्षांची महिन्याची पत्रकं मिळाली. मशीनला लावण्याआधीचं वजन, नंतरचं वजन, शंभर ग्रॅमपर्यंत अचूक. शेजारी उंचीचा रकाना. पहिल्या पानावर १६१ सेंटिमीटर. त्यापुढे प्रत्येक पानावर "मागीलप्रमाणे". नऊ वर्षं. लग्नात ती माझ्या कानाला लागत होती. शेवटी खांद्याच्या खाली आली होती. हे माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि मी पाहिलं नाही.

मग मी तिची हाडांची तपासणी जिथे झाली त्या खोलीत गेलो. तिथे मशीन चालवणाऱ्या बाई आहेत. त्यांना विचारलं की रिपोर्ट नॉर्मल होता, मग हाड मोडलं कसं. त्या आधी टाळत होत्या. मी खुर्चीवर बसून राहिलो. शेवटी त्यांनी ताईचा पोटाचा एक जुना, बाजूने काढलेला एक्सरे लावून दाखवला. मणक्यांच्या पुढून जी मोठी रक्तवाहिनी जाते, ती खडूने काढल्यासारखी पांढरी दिसत होती. किडनीच्या आजारात कॅल्शियम हाडातून निघतं आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत जाऊन बसतं, असं त्या म्हणाल्या. आपलं मशीन मणके समोरून मोजतं. वाटेत जे येईल ते हाड म्हणूनच धरतं.

धाकटे, मी आयुष्यभर दुकानदारांचे अंगठे पकडले. पारड्याला हलकाच अंगठा लावला की मालात काही नसताना वजन भरतं. ही तीच गोष्ट आहे. आकडा भरला तो हाडामुळे नाही.

त्या बाई म्हणाल्या की अशा पेशंटच्या मनगटाच्या वरच्या हाडाचीही तपासणी करायला हवी, कारण तिथली झीज लपत नाही. पाठीचा बाजूने एक्सरे काढायला हवा. आणि मानेत ज्या चार बारीक ग्रंथी असतात त्यांच्या हार्मोनची रक्ततपासणी. हाडं का झिजतात ते तिच्यावरून कळतं. ते कळल्याशिवाय कोणी हाडं मजबूत करायचं इंजेक्शन देऊ केलं तर घेऊ नकोस. काही जणांना त्याने उलटा त्रास होतो.

तुझी सीट बसलेली नाही.

एक पान झालं.

भाऊजी


२० फेब्रुवारी

भाऊजी,

झालं तुमचं एक पान. मी त्याची घडी करून बॅगेत ठेवली आणि आठवडाभर उघडली नाही.

मी ताई नाही. हे तुम्हाला, मालकांना, सिस्टरला, सगळ्यांना एकदाच लिहून देते. ताईचं झालं ते माझं होणार, अशा नजरेनेच सगळे बघतात. तुम्हीही त्यातलेच निघालात. माणूस म्हणजे तुमच्या खात्याचा तराजू नाही, की वर्षातून एकदा तपासून शिक्का मारला.

आणि तपासून काय करू? फाईलमध्ये "हाडं ठिसूळ" असं एकदा पडलं की मालक मला गाडीतून उतरवून टेबलावर बसवतील. दहा ते सहा फॉर्म भरत. माझ्या हाताखालून नऊशे माणसं गाडी शिकली. त्यातल्या किती जणांनी आधी सांगितलं होतं, "मॅडम, मला जमणार नाही." त्या नऊशे जणांना मी काय तोंड दाखवू?

तरी तुमच्या समाधानासाठी डॉक्टरांना विचारलं. तरुण आहेत, घाईत असतात, वाईट नाहीत. म्हणाले, "घरात कोणाचं हाड विनाकारण मोडलंय का?" मी म्हटलं, बहिणीचं मांडीचं मोडलं, पण ती बाथरूममध्ये पडली होती. ते म्हणाले, "मग तो अपघात. तो धरत नाही. तुमचा रिपोर्ट चांगला आहे. किडनीच्या पेशंटची पाठ दुखतेच."

झालं. तो अपघात होता. मी पडलेले नाही आणि पडणार नाही. विषय संपला.

सुतारकाकांनी काल गाडी मागे घेतली. कुंडी फुटली. पण घेतली.

धाकटी


१ मार्च

धाकटे,

विषय संपलेला नाही. तुझ्या डॉक्टरांनी जे उत्तर दिलं ते माझ्यामुळे दिलं.

ताई पडली नव्हती.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला ती बेसिनपाशी उभी होती. मी मागे टॉवेल घेऊन. फरशी कोरडी होती. ती माझ्याकडे वळली, काहीतरी सांगायला. पूर्ण वळलीही नाही. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग ती खाली गेली. आधी हाड मोडलं, मग ती पडली. मधे एवढा वेळ होता की मी तिचा हात धरू शकलो, पण तिला धरता आलं नाही.

हॉस्पिटलमध्ये विचारलं, कशी पडली? मी म्हणालो, पाय घसरला. त्यांनी लिहून घेतलं. नंतर तुला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना तेच सांगितलं. तीन आठवड्यांनी ती गेली तेव्हाच्या कागदांवरही तेच आहे.

का सांगितलं तेही लिहितो. त्याच्या आधी चार महिने ती काठी घेऊन चालत होती. पाठ दुखते, काठीने बरं वाटतं, म्हणायची. मग हाडांचा रिपोर्ट आला, नॉर्मल. मी तिला म्हणालो, आता काठीची सवय नको, आकडा चांगला आहे. काठी मी माळ्यावर टाकली. ती दोन दिवस रागावली, मग माझा हात धरून चालू लागली.

मी कधी एकाही दुकानदाराच्या काट्यावर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. पेटीतली प्रमाण वजनं काढून, प्रत्येक काट्यावर ठेवून, मगच शिक्का मारला. आणि घरातल्या माणसाच्या बाबतीत एका छापील आकड्यावर ठेवला. पाय घसरला असं म्हटलं की ते बाथरूमचं काम होतं. नाहीतर माझं.

तू हे वाचून जे म्हणशील ते मान्य आहे. पण डॉक्टरांना जाऊन सांग की बहीण पडली नव्हती. उभी असताना मोडलं. हे धरायलाच हवं.

टेबलावर बसवतील म्हणून तू तपासत नाहीस. तुझ्या बाजूचा ब्रेक दाबताना पाठीत कळ येते, हे तू मला लिहिलंस, मालकांना सांगितलं नाहीस. कळ आली की ब्रेक पुरा दाबला जात नाही. शिकणाऱ्याने कुंडी फोडली, ठीक आहे. कुंडीच्या जागी दुसरं काही असू शकतं.

भाऊजी


२४ मार्च

भाऊजी,

तीन आठवडे लिहिलं नाही. तुमच्यावर चिडले होते. अजून आहे. तुम्ही माफी मागितली नाहीत हे बरं केलंत, मी दिली नसती. ती ताईची गोष्ट, मी कोण देणार?

पण ब्रेकबद्दल जे लिहिलंत ते झोंबलं. कारण खरं होतं. कुंडीच्या दिवशी मी ब्रेक दाबला होता. पुरा दाबलाच गेला नाही.

तर ऐका. शनिवारी सुतारकाकांना घरी बोलावलं आणि म्हटलं, काका, आज गाडी नको, माझी उंची घ्या. त्यांनी काही विचारलं नाही. काटकोन धरायचा गुण्या आणला, पेन्सिल आणली, मला दाराच्या चौकटीला टाचा लावून उभं केलं. म्हणाले, "हनुवटी सरळ. मॅडम, मी गाडीत ऐकतो ना तुमचं? आता तुम्ही ऐका." गुण्या डोक्यावर ठेवून रेघ मारली. टेप लावली, पुन्हा लावली. तिसऱ्यांदा घेतली तेव्हा मी चिडले. म्हणाले, "लाकूड एकदाच कापायचं असतं, म्हणून तीनदा मोजतो."

एकशे साडेबावन्न.

सेंटरच्या फाईलमध्ये एकशे अठ्ठावन्न. साडेपाच सेंटिमीटर कुठे गेले ते मला कोणी विचारलं नाही, मीही नाही विचारलं. नुसत्या उशा घालत गेले.

सोमवारी सेंटरवर गेले. वजनकाट्यावरून उतरले आणि म्हटलं, सिस्टर, उंची घ्या. सिस्टर म्हणाली, "उंची आहे की फाईलमध्ये." मी म्हटलं, ती सहा वर्षांपूर्वीच्या बाईची आहे, ती आता इथे येत नाही. डॉक्टर आले. म्हणाले, वयाने थोडी कमी होतेच. मी म्हटलं, डॉक्टर, मी चव्वेचाळीसची आहे, चौऱ्याऐंशीची नाही. आणि माझी बहीण पडली नव्हती. उभी असताना तिच्या मांडीचं हाड मोडलं. आमच्या घरात खोटं सांगितलं गेलं होतं, ते आज दुरुस्त करून घ्या.

त्यांनी फाईल उघडली. मग बसले. त्यांना बसलेलं मी सहा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

माझ्या शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त हेडबाई असतात. एरवी मशीनपेक्षा त्यांचाच आवाज जास्त. त्या तिथूनच ओरडल्या, "तिची घेताय तर माझीही घ्या! माझ्या साड्या लांब व्हायला लागल्यात, मी दुकानदाराला शिव्या घालतेय!" मग पलीकडचे एक काका, मग आणखी कोणी. सिस्टर वैतागली, पण भिंतीला टेप चिकटवली तिनेच. एक जण उभा राहू शकत नाही, तर म्हणतो, "माझी आडवी मोजा, पण मोजा." बुधवारपर्यंत अकरा जण झाले. चौघांची फाईलपेक्षा तीन सेंटिमीटरच्या वर कमी. हेडबाई त्यात आहेत. दुकानदार सुटला.

डॉक्टरांनी मला बाजूने एक्सरे, हाताची तपासणी, मानेच्या ग्रंथींची रक्ततपासणी, सगळं लिहून दिलं. पुढचा नंबर दहा एप्रिलला.

मी घाबरले आहे, हे फक्त तुम्हाला सांगते.

धाकटी


२८ मार्च

धाकटे,

हेडबाईंना आणि सुतारकाकांना माझा नमस्कार सांग. खात्यात असतो तर काकांना बरोबर घेतलं असतं.

हाताच्या तपासणीला जाशील तेव्हा एक लक्षात ठेव. त्या मशीनवाल्या बाईंकडे मी पुन्हा गेलो होतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा डावा हात घ्यायचा, अशी त्यांची पद्धत असते. तुझा डावा हात मशीनचा आहे. डायलिसिससाठी त्यात जोडून घेतलेल्या शिरेत सहा वर्षं रक्ताचा जोर वेगळा आहे, तिथल्या हाडाचा आकडा वेगळा येऊ शकतो. उजवाच घ्यायला सांग. ऐकलं नाही तर उठून ये.

घाबरलीस हे मला लिहिलंस, बरं केलंस. मीही त्या खोलीत जाताना घाबरतो.

भाऊजी


१५ एप्रिल

भाऊजी,

तुम्ही लिहिलं होतं तस्संच झालं. मशीनवरच्या मुलीने माझा डावा हात उचलून पाटावर ठेवला. मी म्हटलं, हा नाही. ती म्हणाली, "मॅडम, नियमाने डावाच घेतात." मी म्हटलं, हा माझा नाहीच, सेंटरचा आहे, मला वापरायला दिलाय. तरी ऐकेना. मग मी उठले. बाहीची बटणं लावायला घेतली तेव्हा ती आत जाऊन विचारून आली. उजवा घेतला.

आता रिपोर्ट. पाठीचे तीन मणके दबलेले आहेत. पुढच्या बाजूने चेपून पाचरीसारखे झालेत. कधी दबले ते कोणालाच सांगता येत नाही. एक बहुतेक गेल्या पावसाळ्यात जोरात शिंकले आणि पाठीत कळ आली त्या दिवशी; पुढे आठ दिवस मी गरम पाण्याची पिशवी घेऊन गाडीत बसत होते. मणक्यांच्या पुढची रक्तवाहिनी पांढरी, ताईसारखीच. डॉक्टरांनी गेल्या वर्षीचा नॉर्मल रिपोर्ट त्या एक्सरेशेजारी धरला आणि बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "हे मी एकत्र कधी पाहिलंच नव्हतं." उजव्या हाताचा आकडा वाईट आहे. मानेच्या ग्रंथींचं हार्मोन असायला हवं त्याच्या कितीतरी पट. त्या ग्रंथीच हाडं पोखरत होत्या. आणि दोन महिन्यांपूर्वी मी पाठदुखी म्हणून एका दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले असते, तर त्यांनी ते मजबुतीचं इंजेक्शन दिलं असतं, घोटाळा झाला असता. जाणार होते. तुम्हाला सांगितलं नव्हतं.

हार्मोन एवढं वाढल्यावर नुसती औषधं पुरत नाहीत. मानेचं ऑपरेशन करायचं ठरलं, दोन मे. डॉक्टर म्हणाले, हाडं सगळी परत येणार नाहीत, पण पोखरणं थांबेल. आणखी वर्ष गेलं असतं तर मांडी.

मालकांना मी स्वतः सांगितलं. ते म्हणाले, "टेबलावर बस, काम हलकं आहे." मी म्हटलं, सहा महिन्यांची रजा लिहा, टेबल नको. परत येईन तेव्हा नियमाप्रमाणे माझी परीक्षा घ्या. ब्रेक पुरा दाबता आला नाही तर मी स्वतः चावी ठेवून जाईन. आला तर गाडी माझी. ते म्हणाले, "तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही." म्हणजे मान्य.

ऑपरेशनच्या कागदावर घरच्यांपैकी कोणाची तरी सही लागते. या.

धाकटी


१९ मे

धाकटे,

तुला घरी सोडून परवा इथे पोहोचलो. ओठांभोवती मुंग्या येतात असं म्हणत होतीस. त्या आल्या की लगेच सेंटरला फोन कर, आजचं उद्यावर टाकू नकोस. हाडं इतके दिवस उपाशी होती, ती आता रक्तातलं कॅल्शियम ओढून घेणार. डॉक्टरांनी सांगितलंय की काही आठवडे रोज तपासावं लागेल. हार्मोनचा आकडा खाली आला ते चांगलं झालं, पण एका आकड्यावर थांबायचं नाही. हे तुला सांगायची गरज नाही, मला आहे.

गाडीतून उतरताना तू माझा हात धरला नाहीस. दार धरलंस. ते बरोबर होतं.

काल मी ताईच्या हॉस्पिटलात गेलो. नोंदींच्या खोलीत एक क्लार्क आहेत, माझ्याच वयाचे. त्यांना म्हणालो, माझ्या पत्नीच्या फाईलमध्ये एक चूक आहे, ती दुरुस्त करायची आहे. त्यांनी फाईल काढली. म्हणाले, "ही तर बंद झाली. सहा महिने झाले." मी म्हणालो, चूक मी दिली होती, तेव्हा मीच सांगायला आलो. ते म्हणाले, "साहेब, आता बाई राहिल्या नाहीत. पडल्या काय आणि न पडल्या काय, कोणाला काय फरक पडतो?"

मी त्यांना तुझं सांगितलं. तुझ्या डॉक्टरांनी काय विचारलं, तू काय उत्तर दिलंस, आणि त्या उत्तरावर त्यांनी फाईल मिटली कशी. पुढे कोणी अशा पेशंटच्या जुन्या फाईली काढून किती जणांचं हाड न पडता मोडलं ते मोजेल, तेव्हा ही एक अपघातात मोजली जाईल. मी म्हणालो, एक कमी पडेल. मोजणारा चुकेल आणि त्याला कळणारही नाही.

त्यांनी वरिष्ठांना फोन केला. वरिष्ठ म्हणाले, अर्ज द्या. मी तिथेच अर्ज लिहिला. त्यांनी वाचला, परत दिला, म्हणाले, "फार लांब आहे. रकान्यात एवढं मावत नाही. जुन्या ओळीवर रेघ मारून तिच्या खाली नवी लिहितो, तुम्ही बाजूला सही करा. काय लिहू ते थोडक्यात सांगा."

मला वाटलं होतं, तिथे मला बोलता येणार नाही. आलं. त्यांनी पेन उघडून धरलं होतं आणि मी सांगितलं, लिहा:

कोरड्या फरशीवर उभी असताना हाड मोडले. पती मागे उभे होते. त्यानंतर पडली.

भाऊजी